जखमेला काय लावू ते नंतर, आधी धुतलं का?

परवा रविवारी सोलकढीसाठी नारळ खोवत होते, एकीकडे स्पीकरवर फोन चालू, आणि खोवणीच्या दातांवरून अंगठा सर्रकन घसरला. कापलं म्हणण्यापेक्षा फाटलं म्हणा, कारण विळीचं पातं कसं सरळ कापतं, खोवणी तसं करत नाही, ती कातडी ओरबाडून नेते. रक्त बघून घरात लगेच सभा भरली. सासूबाई हळदीचा डबा घेऊन आल्या, नवरा डेटॉलची बाटली शोधायला गेला (जी कधीच जागेवर नसते), शेजारच्या काकू आवाज ऐकून दारात आल्या त्या म्हणाल्या कॉफी पावडर दाब गं, चटकन थांबतं. आणि फोनवर मावशी होती, ती एवढंच म्हणाली, "अगं पण धुतलास का अंगठा?"

मावशी तीस वर्षं एका सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगला होती. विळा लागलेले, ठेचकाळलेले, गाडीवरून घसरलेले, सगळे पाय आणि सगळी बोटं तिच्या हाताखालून गेली. तिच्याकडून लहानपणापासून ऐकलेलं आणि नंतर माझं मी वाचून पडताळलेलं असं सगळं एकदा लिहून काढते, कारण आपल्याकडे कुणाला लागलं की पहिला प्रश्न असतो "काय लावलं?" आणि मला वाटतं गडबड त्या प्रश्नातच आहे. लावायचं काय हे नंतरचं, जखमेतून काढायचं काय ते आधी बघायला पाहिजे.

हे असं का, ते समजायला कातडीपासून सुरू करू. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशींचा एकावर एक रचलेला गिलावा, मधे तेलकट पदार्थ भरलेला, वरून थोडा आंबट. या गिलाव्यावर जंतू कायम राहतात आणि त्यांचं आपलं काही भांडण नसतं. त्यातला जखमांच्या बाबतीत सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, गळवं, नखुरडं, पिकलेली जखम, बहुतेक वेळा हाच. आणि तो राहतो कुठे, तर साधारण दहातल्या तीन धडधाकट माणसांच्या नाकात. म्हणजे नाकात बोट घालून तेच बोट खपलीवर न्यायचं, हे जे लहान मुलं (आणि मोठेही, उगाच नाही म्हणू नका) करतात, ती जंतूंची होम डिलिव्हरीच आहे.

गिलावा फुटला की जंतू आत जातात. आत ऊब, ओल, खायला भरपूर. पण आत पांढऱ्या पेशी पण असतात आणि त्या काही तासांत जखमेपाशी गोळा होऊन जंतूंचा फडशा पाडायला लागतात, आणि बहुतेक वेळा त्याच जिंकतात. म्हणून तर साधं खरचटलेलं काहीही न करता भरून येतं. आणि म्हणूनच प्रत्येक घरातला प्रत्येक उपाय "गुणकारी" ठरतो. आजोबांनी माती लावली, बरं झालं. काकूंनी कॉफी लावली, बरं झालं. जे आपोआप बरं होणारच होतं त्याचं क्रेडिट जे हाताशी होतं त्याला मिळालं, एवढंच.

मग प्रश्न असा की काही जखमा चिघळतात त्या का? इथे मला एक जुना प्रयोग फार आवडतो. १९५७ साली इलेक आणि कोनेन या दोन संशोधकांनी स्वतःहून तयार झालेल्या माणसांच्या कातडीत हा स्टॅफ जंतू मोजून टोचला, पू व्हायला किती जंतू लागतात ते बघायला. (आज अशा प्रयोगाला कोण परवानगी देईल असं वाटत नाही.) तर नुसते जंतू टोचले तेव्हा पू व्हायला काही दशलक्ष जंतू लागले, त्याहून कमी असले तर शरीर त्यांना पचवून टाकायचं. पण तिथेच रेशमाच्या टाक्याचा धागा ठेवला, तर? काही शेकडा जंतू पुरले. लाखो कुठे आणि शेकडा कुठे! धाग्याने काय केलं, तर जंतूंना लपायला जागा दिली, ते त्याला चिकटून बसतात, वर चिकट थर करतात आणि पांढऱ्या पेशींना तिथे नीट पोचता येत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. रस्त्यावर पडून गुडघ्यात गेलेली बारीक खडी म्हणजे तो धागा. मोडलेला काटा, लाकडाची सल, गवताचं कुसळ, काचेचा कण, पँटचा दोरा, सगळे त्या धाग्याचेच भाऊ. मेलेली लोंबणारी कातडी आणि आत साकळलेलं रक्त पण तेच काम करतं. आणि आता जरा वाईट वाटेल, पण वरून दाबलेली हळद, कॉफी पावडर, चुना, विडीची राख, हे पण जखमेच्या दृष्टीने बाहेरून आलेला कचराच.

आणि लगेच का धुवायचं? कारण जंतू वाढतात ते दुपटीने. समजा अर्ध्या तासाला दुप्पट होतात, तर सकाळी दहाला आत गेलेले शंभर जंतू रात्री आठपर्यंत कागदावरच्या हिशोबाने दहा कोटींच्या वर जातात. प्रत्यक्षात शरीर त्यांना इतकं मोकळं सोडत नाही, पण सुरुवातीला ते जखमेवर नुसते पडलेले असतात, पाण्याने वाहून जातात, नंतर ते चिकटतात, मग नुसत्या पाण्याला दाद देत नाहीत. म्हणून "संध्याकाळी घरी गेल्यावर बघू" हे जे आपण ऑफिसात, शेतात, ट्रेकवर म्हणतो ना, तिथेच घोळ होतो.

आता धुवायचं कसं. आधी स्वतःचे हात साबणाने, हे नव्वद टक्के लोक विसरतात (हा आकडा माझ्या घरातला आहे). भळभळ रक्त येत असेल तर आधी ते थांबवा, स्वच्छ रुमाल किंवा गॉज ठेवून सरळ दाबून धरा, हात-पाय असेल तर वर उचलून, आणि दहा मिनिटं घड्याळ लावून, मधेमधे उचलून "थांबलं का" बघायचं नाही. प्रत्येक वेळी बघितलं की तयार होत असलेली गुठळी निघते आणि परत पहिल्यापासून. मग नळाखाली धरा. वाहतं पाणी, चार-पाच मिनिटं, बादलीत बुडवून नाही. जखमेच्या आजूबाजूला साबण लावा, थोडा आत गेला तर चरचरेल, त्याने काही बिघडत नाही, पण मुद्दाम आत चोळू नका. जे पाणी तुम्ही पिता ते चालतं, सलाईनच पाहिजे असं काही नाही, साध्या जखमा नळाच्या पाण्याने धुतल्या काय आणि सलाईनने धुतल्या काय, इन्फेक्शनच्या बाबतीत फरक पडत नाही असं तुलना करून बघितलेलं आहे. विहिरीचं किंवा टाकीचं पाणी भरवशाचं नसेल तर उकळून गार केलेलं घ्या. ट्रेकवर असाल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून पिचकारीसारखं मारा, तो जोरच उपयोगी असतो.

खडी, माती दिसत असेल तर ओल्या गॉजने हलकेच पुसून काढा, चिमटा असेल तर तो आधी स्पिरिटने पुसून. दुखतं, मुलं रडतात, पण रस्त्यावरची बारीक खडी आत राहिली तर इन्फेक्शनचं जाऊ द्या, कातडीत काळे-निळे डाग कायमचे राहतात, गोंदल्यासारखे. कापूस वापरू नका. आपल्याकडे फर्स्ट एड म्हणजे कापसाचा बोळा हे समीकरणच आहे, पण कापसाचे तंतू जखमेत चिकटून राहतात, आणि परत तो रेशमाचा धागा आठवा. गॉजची गुंडाळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते.

काटा मोडला असेल तर? सल वर दिसत असेल तर ज्या तिरपेपणाने आत गेली त्याच तिरपेपणाने चिमट्याने बाहेर ओढा. आडवी कातडीखाली असेल तर सुई गरम करून किंवा स्पिरिटने पुसून वरची कातडी जराशी उघडायची. पण बाभळीचा काटा टाचेत खोल मोडला असेल, दिसतच नसेल, तर घरी उकरत बसू नका, उकरून उकरून लोक साध्या काट्याची मोठी जखम करून दवाखान्यात येतात असं मावशी सांगते. माशाचं पण एक सांगते, शिंगाळ्याच्या काट्यात विष असतं, तो टोचला की भयानक ठणका लागतो, तेव्हा सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की कळ उतरते, पण धुणं आणि काटा आत मोडलाय का बघणं तिथेही आहेच.

बरं, आता लावायचं काय.

डेटॉल आपल्याकडे तीर्थासारखं वापरतात, ते पण निव्वळ, बाटलीतून सरळ जखमेवर. चरचरलं म्हणजे जंतू मरतायत असा समज. चरचरतं ते आपल्या जिवंत पेशी पोळतात म्हणून, त्याच पेशी ज्या जखम भरून काढणार असतात. वापरायचंच तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालून. स्पिरिट सुद्धा आजूबाजूच्या कातडीला आणि चिमट्याला, उघड्या जखमेत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर जो फेस येतो तो बघून तर लोकांना फार समाधान होतं, पण तो फेस रक्तातल्या आणि आपल्याच पेशींमधल्या एका एन्झाइममुळे येतो, जंतू एकही नसला तरी येणार. पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे ते तपकिरी बीटाडिन, हे त्यातल्या त्यात बरं, माती लागलेल्या जखमेला धुतल्यानंतर एकदा लावायला ठीक, थायरॉइडवाले, गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांच्यासाठी मात्र डॉक्टरांना विचारून. पण हे सगळं धुण्यानंतरचं. न धुता लावलेलं बीटाडिन म्हणजे अंघोळ न करता मारलेलं अत्तर.

हळदीबद्दल लिहिलं नाही तर सासूबाई मला घरात घेणार नाहीत, आणि हळदीची गोष्ट तशी आहेच भारी. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरायला हळद वापरण्याचं चक्क पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरने (सरकारी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिलं, तेव्हा तिथे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. जुने संस्कृत ग्रंथ, १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख असे पुरावे काढून दाखवले आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. हळदीघाटीची लढाई म्हणतात तिला. पण नीट बघा, त्या लढाईत सिद्ध काय झालं, तर हळद जखमेला लावणं हे नवीन नाही, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. स्वयंपाकघरातली हळद जखमेसाठी स्वच्छ आहे असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. हळदीतलं करक्युमिन जंतूंना काही प्रमाणात आवरतं हे खरं, पण डब्यातली हळद शेतातून, वाळवणातून, गिरणीतून, आपल्या ओल्या चमच्यातून आलेली असते, तिच्यात मातीतल्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि रंग उठून दिसावा म्हणून लेड क्रोमेटची, म्हणजे शिसं असलेल्या पिवळ्या रंगाची, भेसळ सुद्धा सापडलेली आहे. घरात दुसरं काहीच नसताना आजीने चिमूटभर लावली तर आकाश कोसळत नाही, पण धुण्याऐवजी हळद हे चालणार नाही, आणि आधी हळद भरून मग दवाखान्यात गेलात तर तिथल्या सिस्टरला पहिली पंधरा मिनिटं ती हळद खरवडण्यात जातात, जखम किती खोल आहे तेच दिसत नाही. मावशीचा सगळ्यात जास्त राग याच्यावर.

दगडीपाल्याचा रस शेतात सगळेच लावतात, आम्ही पण लहानपणी लावलाय. रक्त थांबायला मदत होते असं म्हणतात, पण बांधावरचा पाला, न धुता, तळहातावर चोळून लावणार, म्हणजे मातीची सोयच केली. शेण, माती, रुईचा चीक यावर तर बोलायलाच नको, रुईचा चीक चुकून डोळ्यात गेला तर वेगळंच संकट.

ट्यूबचं पण एक सांगायचंय. प्रत्येक घरात एक अर्धी पिळलेली ट्यूब असते, नाव पुसलेलं, ती मागे कधीतरी खाजेसाठी आणलेली असते आणि जखमेलाही तीच लावतात. त्या खाजेच्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, ज्याने जखम भरायला उलट वेळ लागतो आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. अँटिबायोटिक मलम सुद्धा स्वच्छ धुतलेल्या साध्या जखमेला लागतंच असं नाही, आणि त्यातल्या निओमायसिनची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते, जखमेभोवती लाल होतं, खाज सुटते, आणि आपण समजतो इन्फेक्शन वाढलं म्हणून अजून तेच लावतो.

मग काय लावायचं? पेट्रोलियम जेली. साधी, नवीन उघडलेली किंवा ट्यूबमधली, घरभर बोटं घातलेली बरणी नको. आणि वर पट्टी. इथे बहुतेक लोक माझ्याशी भांडतात, कारण "हवा लागू दे, खपली धरू दे" हे आपल्या हाडीमाशी आहे. पण १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर छोट्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काहींवर पातळ प्लास्टिकचं आवरण लावलं, तर झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण सोपं आहे, नव्या पेशींना काठावरून मधे सरकत यायचं असतं, ओल असली की त्या वरच्यावर सरकतात, आणि खपली झाली की कोरड्या दगडाखालून बोगदा खणत यावं लागतं. शिवाय झाकलं की माशी बसत नाही, धूळ बसत नाही, आणि नाकातलं बोट तिथे जात नाही. पट्टी रोज बदला, भिजली किंवा मळली तर लगेच बदला, बदलताना परत धुवा. बोटाला चिकटपट्टी गोल गोल घट्ट गुंडाळू नका, बोट सुजलं की ती आवळते. झाकायचं म्हणजे कोंडायचं नाही, ओली पट्टी तीन दिवस तशीच ठेवली तर आतली कातडी पांढरी पडून कुजल्यासारखी होते.

धनुर्वाताबद्दल आपल्याकडे दोन टोकं. एक म्हणजे साधं खरचटलं की पळत जाऊन टीटी, दर सहा महिन्यांनी. दुसरं म्हणजे "गंजलेलं नव्हतं, मग कशाला?" गंजाचा आणि धनुर्वाताचा थेट काही संबंध नाही. त्याचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, नुसतं उकळून पण मरतीलच असं नाही, आणि त्यांना वाढायला हवा नसलेली जागा लागते. खिळा खोल जातो, वरून भोक बुजतं, आत हवा नाही, म्हणून खिळ्याची बदनामी, मग तो गंजलेला असो की चकचकीत. बाभळीच्या काट्याने पण होऊ शकतो. हिशोब साधारण असा, लहानपणचे डोस पूर्ण झालेत आणि जखम स्वच्छ, छोटी आहे तर शेवटच्या डोसला दहा वर्षं होऊन गेली असतील तरच बूस्टर, जखम मळकी किंवा खोल असेल तर पाच वर्षं. डोस झालेतच की नाही हे आठवत नसेल (आपल्या आईवडिलांच्या पिढीला कुठून आठवणार) तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, मळक्या जखमेत लशीबरोबर वेगळं तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन पण द्यावं लागतं. हल्ली टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पाचा पण भाग असतो. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी जो मिळतो तो हाच, शाळेत देतात तेव्हा "आमचा घरी घेईल" म्हणून बुडवू नका.

कुत्रा, मांजर, माकड चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तर नियम एकदम कडक. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, त्यामुळे इथे धुणं म्हणजे अर्धा उपचारच. मिरची, चुना, तेल काही लावायचं नाही, पट्टी बांधायची नाही, आणि त्याच दिवशी लस, रक्त आलं नसलं तरी. रक्त आलं असेल तर जखमेत सोडायचं वेगळं इंजेक्शन पण लागतं, ते स्वतःहून मागा. सरकारी दवाखान्यात मिळतं. पोटातली चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा आहेत, दंडावर चार-पाच वेळा टोचतात, झालं. घरच्या पिल्लाने खेळताना दात लावला तरी जा, यात लाजू नका.

पावसाळ्यात पायांचं एक वेगळंच प्रकरण असतं. भातलावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडते, फाटते, आग होते. तिला कुणी जखम म्हणतच नाही, पण जंतूंना आत यायला ती भेग पुरेशी असते, पाय अचानक लाल होऊन सुजतो, थंडी वाजून ताप येतो, तो बऱ्याचदा या बेचक्यातूनच. हत्तीपाय असलेल्या माणसांना तर असे झटके परत परत येतात आणि प्रत्येक झटक्याने सूज वाढते, म्हणून त्यांना रोज पाय धुऊन बोटांच्या मधे कोरडं करायला शिकवतात. माझी आजी पायाला तेल चोपडून खाचरात उतरायची आणि वर आली की पाय धुऊन चुलीपाशी शेकत बसायची, तिला कुणी शिकवलं नव्हतं. शहरात साचलेल्या पाण्याचं आणखी एक, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मुतातला हा जंतू भेगेतून शरीरात शिरतो आणि जखम मात्र अगदी शहाण्यासारखी बरी होते, पिकत नाही काही नाही, मग काही दिवसांनी सडकून ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्यानंतर मुंबईने हे भोगलंय. म्हणून पायाला कुठे खरचटलेलं असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर घरी येऊन साबणाने पाय धुवाच, शिवाय एक-दोन दिवसांत डॉक्टरांना विचारा, डॉक्सिसायक्लिनची गोळी घ्यायची का म्हणून. महापालिका दर पावसाळ्यात हेच ओरडून सांगते.

वारीला जाणाऱ्यांसाठी एक ओळ, आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास किलोमीटर, तळपायाला फोड येणारच, पण तो फोडू नका. वरची कातडी हीच सगळ्यात चांगली पट्टी आहे. आपोआप फुटला तर धुऊन ती कातडी तशीच पसरून ठेवा, कात्रीने कापू नका.

आता जखम बिघडतेय हे ओळखायचं कसं. पहिले दोन दिवस काठ थोडे लाल, थोडे गरम, थोडे सुजलेले असणारच, ती पांढऱ्या पेशींची कामाची गडबड आहे, घाबरू नका. पण दोन दिवसांनंतर हे कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, ठणका लागला, रात्री झोपू देईना, पिवळा-हिरवा घट्ट पू किंवा वास यायला लागला, तर समजा गाडी चुकीच्या रुळावर आहे. मावशीची युक्ती, लाल भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवायची आणि बाजूला वेळ लिहायची. चार तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेली तर दवाखाना. डॉक्टर पण हेच करतात. पायाला जखम आणि जांघेत गाठ, हाताला जखम आणि काखेत गाठ, ज्याला आपण अवधाण म्हणतो, ती म्हणजे जंतू जखमेपुरते न राहता वर सरकले आणि पुढच्या चौकीवर अडवलेत. जखमेपासून वर जाणारी लाल रेघ कातडीवर दिसली, किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. मेडिकलवाल्याकडून "दोन अँटिबायोटिक द्या" करू नका, कुठलं, किती दिवस हे त्याचं काम नाही, आणि आत काटा राहिला असेल तर गोळ्यांनी काही होत नाही, तो काढावाच लागतो.

आणि काही जखमांना तर पहिल्याच दिवशी डॉक्टर लागतो. काठ मिटत नाहीत, आत पिवळी चरबी दिसते, बोट वाकत नाही किंवा टोकाला बधिर लागतं, सांध्यावर आहे, चेहऱ्यावर आहे, दहा-पंधरा मिनिटं नीट दाबूनही रक्त थांबत नाही. खिळा बुटातून आरपार पायात गेला असेल तरी जा, स्पोर्ट्स शूजच्या ओलसर स्पंजमध्ये एक वेगळाच जंतू, स्यूडोमोनास, राहतो आणि तो कधीकधी थेट हाडापर्यंत जातो. आणि भांडणात कुणाच्या दातावर मूठ आपटून फुटली असेल तर, लाज वाटत असली तरी, खरं सांगा. माणसाचं तोंड कुत्र्याच्या तोंडापेक्षा स्वच्छ असतं असं काही नाही.

हे सगळं फार वाटत असेल तर ऑक्सफर्डच्या अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाची गोष्ट ऐका. गुलाबाचा काटा लागून तोंडावर ओरखडा आला अशी गोष्ट सांगतात, नंतर ती जखम बॉम्बहल्ल्यात झाली होती असंही पुढे आलं, पण काहीही असो, जखम साधीच होती आणि ती पिकत पिकत डोळा काढावा लागण्यापर्यंत गेली. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्याला पेनिसिलिन दिलं, असं औषध टोचलेला तो पहिल्या काही रुग्णांपैकी, आणि चार-पाच दिवसांत माणूस उठून बसला. पण औषधच संपलं. त्याच्या लघवीतून परत गाळून काढून टोचलं, तेही संपलं, आणि १५ मार्चला तो गेला. आज आपल्याकडे कोपऱ्यावर मेडिकल आहे म्हणून आपण निवांत, पण अर्धवट गोळ्या खाऊन खाऊन तीच औषधं हळूहळू निकामी करतोय.

शेवटचं सांगायचं राहिलं ते डायबेटिसवाल्यांचं, आणि ते माझ्या घरातलंच आहे. काकांना पंधरा वर्षं शुगर. एकदा देवळात अनवाणी जाऊन आले, संध्याकाळी काकूला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा कळलं की तळव्यात काचेचा तुकडा आहे. काकांना पत्ताच नाही, दुखलंच नव्हतं. शुगरने पायाच्या नसा बोथट होतात, रक्त कमी पोचतं, पांढऱ्या पेशी सुस्त होतात, म्हणजे जखम कळत नाही, धुतली जात नाही, आणि लढणारेही ढिले. वर सांगितलेला दोन दिवस वाट बघायचा हिशोब त्यांना लागू नाही, पायाला काहीही झालं तरी त्याच दिवशी दाखवायचं. काका नशीबवान, महिनाभर ड्रेसिंगवर भागलं, बोट वाचलं. आता रात्री झोपायच्या आधी ते जमिनीवर एक छोटा आरसा ठेवून त्यात स्वतःचे तळवे बघतात, बोटांच्या मधे, टाचेखाली, सगळीकडे, आणि चपला घालण्याआधी झटकतात. नातू विचारतो आजोबा आरशात काय बघता, तर म्हणतात, बातम्या.